साठची नीडल

नीडल थरथरत होती आणि माझ्या हाताला कळलं नाही. झालं ते एवढंच. कोणी म्हणेल, यात सांगण्यासारखं काय आहे बाप्पा? पण सव्वीस वर्षं झाली, बोरगाव मेघेतल्या या दुकानात बसून मी काँक्रीटच्या कामाची यंत्रं भाड्याने देतो. मिक्सर, कटर, ब्रेकर, आणि सगळ्यात जास्त व्हायब्रेटर. व्हायब्रेटर म्हणजे एक मोटर, तिला लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला हातभर लोखंडी दांडा. त्या दांड्याला आम्ही नीडल म्हणतो. ओल्या मालात ती बुडवली की थरथरते, आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते आणि गिट्टी सळाखींना बिलगून बसते. साइटवरून परत आलेली प्रत्येक नीडल मी बादलीभर पाण्यात टोक बुडवून, वरून मुठीत धरून चालू करतो. ती बरी आहे की बिघडली, हे मोटरीच्या आवाजावरून कळत नाही, तळहाताला कळतं. त्या दिवशी माघातली सकाळ होती, ऊन दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं होतं. बटण दाबलं, मोटर गुरगुरली, आणि मुठीत काहीच नाही. आतली तार तुटली, असं मी धरून चाललो आणि जो भाडेकरू मशीन परत टाकून गेला होता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "काका, चालू तं आहे. बादली पाहा नं." मी खाली पाहिलं. बादलीतलं पाणी थरथरून कडेने सांडत होतं, माझी चप्पल भिजली होती. माझी बोटं नीडलीभोवती तशीच होती, टोकापाशी पांढरी पडलेली, खडूसारखी.

पायरीवर इला उभी होती, माझ्या लहानपणच्या दोस्ताची, नरहर मास्तरची मुलगी. ती टोपडं घालायची तेव्हापासून मी तिला पाहिलेलं, आता तीच हिंगणघाटच्या बँकेतून बदली करून वर्ध्याला आलेली, एका मुलीची आई. मी मोटर बंद केली. ती माझ्या बोटांकडे पाहत होती, म्हणून मी हात मागे घेतला आणि उगाच पंच्याला पुसत राहिलो. थंडीने होते, म्हटलं. डॉक्टरने खरं काय ते मागच्याच महिन्यात सांगितलं होतं. जन्मभर थरथरतं लोखंड धरलं की बोटांतलं रक्त हळूहळू यायचं बंद होतं, आता मशीन धरू नका. मी हो म्हटलं होतं. इला स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, बाबाच्या घरावर वरचा मजला घेऊन राह्यलो. आईले एकटं ठेवणं होत नाई. अन् आमी चौघं, खालच्या दोन खोल्यांत कसे मावणार? सोमवारी काम लागते. इंजिनियर म्हणे साठची नीडल आणा, झटक्यात होते." साठची, म्हणजे साठ मिलिमीटर जाडीची. तो आकडा तिच्या तोंडून ऐकला आणि मी नीडल खाली ठेवली. पण तोंड आपलं चालूच, सवयीचं तोंड. म्हटलं, "त्या इंजिनियरले म्हणा, साठची धरणाच्या कामाले वापरजो. घराच्या स्लॅबले चाळीसची लय झाली. अन् कॉलममधी सळाखी दाट राह्यतात, तिथी पंचवीसची. मोठी मशीन म्हणजे चांगलं काम असं नसते बाई. टाकाची चटकन, काढाची हळूहळू, अन् सळाखीले लागू द्याची नाई. बुडबुडे थांबले अन् वर तुकतुकी आली का बाहेर. जास्त वेळ धरली तं गिट्टी खाली बसते, पाणी वर येते." हे सगळं मी हजार वेळा हजार लोकांना सांगितलंय. मग विचारलं, तिच्याकडे न पाहता, "अन् खालचे खांब?" ती म्हणाली, "जुनेच. इंजिनियरनं बाहेरून पाह्यले, ठीक आहे म्हणे. पण बाबा नेहमी म्हणत, माणिकले विचारल्याबिगर घराले हात लावू नको. म्हणून आली." एवढं बोलून ती हसली, अगदी नरहरसारखी, खालचा ओठ आधी हलवून. ती गेल्यावर मी बराच वेळ बादलीसमोर बसून होतो आणि पाणी केव्हाच शांत झालं होतं.

नरहर आणि मी दोघंही रोहण्याचे. आर्वीकडे जाणारी छोटी गाडी तेव्हा रोहण्याला थांबायची, आणि आम्ही दोघं शाळा सुटली की रुळाला कान लावून पडायचो. गाडी कोणाला आधी कळते अशी पैज. ऊन, रुळाखालच्या खडीचा वास, गालाला तापलेलं लोखंड, आणि डोळे मिटले की सगळं गाव कुठेतरी दूर वाहून गेल्यासारखं. नरहर नेहमी जिंकायचा. मला काही म्हणता काही ऐकू यायचं नाही, आणि तो पडल्या पडल्या म्हणायचा, "निघाली बे. पुलगावहून निघाली." मी म्हणायचो, खोटारड्या. पण गाडी यायची. एकदा मी त्याला विचारलं होतं, तुले कानानं कळते का? तो म्हणाला होता, कानानं नाई, दातानं. मी त्यानंतर कितीतरी दिवस रुळावर दात टेकवून पाहिले. गंजाची चव तेवढी आली. मोठेपणी तो मास्तर झाला, मी यंत्रांच्या नादाला लागलो, आणि मला वाटायचं, त्या पैजेत हरलो म्हणूनच मी असा धंदा धरला असेल, ज्यात लोखंडाची थरथर सगळ्यात आधी मला कळते. हे मी कोणाला बोललो नाही. बोलणार तरी कोणाला, विमल म्हणाली असती, तुमचं डोकं फिरलं. माझी बायको आहे ती, तिला हक्क आहे.

बावीस वर्षांपूर्वी, एप्रिलात, नरहरने घर बांधायला काढलं. तेव्हा मी नागपूरहून साठची नवी नीडल आणली होती. तिच्याइतकी मोठी अख्ख्या वर्ध्यात दोघा-तिघांकडेच असेल, आणि मी तिच्या अशा गमजा मारत होतो की जशी काही मीच घडवली. नव्या मशीनचा मुहूर्त चांगल्या माणसाच्या कामावर करायचा असतो, आमच्यात तशी रीत आहे. तिला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि पहिला माल तिने बसवायचा. मी नरहरला सांगून टाकलं, तुझ्या घराचा पहिला खांब माझ्या नव्या मशीनचा. तो इतका खूश झाला की शाळेतून अर्ध्या सुटीत नारळ घेऊन येतो म्हणाला. अण्णाजी मिस्त्री होते, आता ते राहिले नाहीत. त्यांनी सळाखींचा पिंजरा पाहिला, माझ्या मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "माणिकभाऊ, खाली सळाखी दुहेरी झाल्या. चाळीसची असती तं बरं झालं असतं." चाळीसची दुसऱ्या साइटवर होती. ती दुकानात असती तरी मी साठचीच दिली असती, आता कबूल करायला काय जातं. म्हटलं, "अण्णाजी, मोठी आहे, झटक्यात बसवते." खांबाचा साचा छातीएवढा उभा होता, अर्धा माल पडला होता. नारळाची वाट पाहायची होती, पण ऊन असं होतं की माल डोळ्यांदेखत सुकत होता, म्हणून मी कुंकू लावलं आणि नीडल सोडली. पहिला एक क्षण काय सुंदर आवाज होता! मग तो बदलला. जड झाला, कोंडला. मी ओढली. ती येईना. गुडघ्याएवढ्या उंचीवर, दुहेरी सळाखींत, ती अशी बसली की जशी तिथेच राहायला आली होती. मी ओढली, अण्णाजींनी ओढली, गवंड्यांनी मिळून ओढली. मोटर तापली आणि बंद पडली. अण्णाजी म्हणाले, "साच्याच्या पाट्या खोला. माल धुऊन काढू, मशीन सोडवू, उद्या नव्याने भरू." तेच बरोबर होतं. तासाभराचं काम आणि एका दिवसाचा खोळंबा. पण मला दिसत होतं, नरहर कोणत्याही क्षणी फाटकातून नारळ घेऊन येईल आणि मुहूर्ताचा खांब फोडलेला पाहील, आणि माझी नवी मशीन, आणि मी. मी म्हटलं, कापा. कोणीच हललं नाही, तेव्हा आरी मीच घेतली, साच्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि जितकी खाली पोचली तितकी नळी कापली. बाकीचा माल गजाने ठोकून ठोकून भरला.

नरहर उशिरा आला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात चहाची किटली. चहा पार थंड झालेला. मी तेव्हा इतका सुटल्यासारखा झालो होतो की त्याचीच फिरकी घेतली, "मास्तर, चहा आणला कुठून, नागपूरहून का बे?" तो हसला, त्याने नारळ फोडला, खांबाला पाणी शिंपडलं. मशीन कुठे आहे म्हणून त्याने विचारलं नाही. मीच सांगितलं, मोटर गेली, दुरुस्तीला टाकली. बरं, म्हणाला. मी घोटभर थंड चहा प्यालो, आणि इतका गोड चहा मी आयुष्यात प्यालो नाही, असं मला तेव्हा वाटलं. आता आठवलं की जिभेवर गंजाची चव येते.

आणि मग वर्षं गेली. सांगायचं होतं, असं नाही की सांगायचं नव्हतं. पण आज सांगू म्हणता म्हणता त्याची वास्तुशांत झाली, इला शाळेत जायला लागली, आणि जी गोष्ट एका दिवसाच्या खोळंब्याची होती ती इतकी मोठी झाली की तोंडातून निघेना. दर दसऱ्याला मी त्याच्याकडे सोनं द्यायला जायचो. त्याच्या ओसरीवर पाटावर त्याच्या कामाच्या वस्तू मांडलेल्या असायच्या, पेन, पुस्तकं, सायकलची किल्ली, त्याच्या बायकोची, सुमित्राबाईंची विळी, आणि सगळ्यांना झेंडूचं फूल. आणि एक फूल ओसरीच्या कोपऱ्यातल्या त्या मुहूर्ताच्या खांबाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली कुंकवाचं बोट. मी मनात म्हणायचो, मास्तर आहे, घराचीही पूजा करत असेल. माझी नजर मी तिथून काढून घ्यायचो आणि काहीतरी बोलायचं म्हणून दर वर्षी तेच बोलायचो, "काय मास्तर, वरचा मजला कवा? का पैसा मडक्यात पुरून राह्यला?" सगळे हसायचे. गल्लीतले लोकही त्याला तसंच म्हणायचे, मास्तर चिकट आहे. तो म्हणायचा, "पाहू." इला अभ्यास ओसरीवर करायची, पाहुणे आले की नरहर अंगणात खाट टाकायचा, पण मजला काही त्याने चढवला नाही. आणि मला, देवाशपथ सांगतो, दर वर्षी तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. गेल्या आषाढात तो गेला. त्यानंतरच्या दसऱ्याला मी जड पायांनी गेलो, तरीही खांबाला फूल होतंच. आता ते सुमित्राबाईंनी लावलं होतं.

इला येऊन गेली त्या दिवसानंतर ती नीडल पुन्हा सुरू झाली. म्हणजे माझ्या डोक्यात. दुपारी दुकानात डोळा लागला की मला दिसायचं, ती खांबाच्या आत अजून चालूच आहे, बावीस वर्षं कोणी बटण बंद केलेलं नाही. तिच्याभोवतीचा माल अजून ओला आहे, बुडबुडे सावकाश वर येतात, ओसरीच्या छतातून, गच्चीतून, आणि आकाशात जाऊन फुटतात. त्या बुडबुड्यांच्या मधून नरहर पोहत वर जातोय, शाळेचा पांढरा सदरा घातलेला, आणि मला म्हणतोय, निघाली बे. जागा झालो की उजव्या हाताची बोटं पांढरी. विमल कोमट तेल लावून चोळायची आणि विचारायची, "तुमाले काय होऊन राह्यलं? जेवत नाई, बोलत नाई." मी म्हणायचो, काही नाही. मी मनात एक युक्ती जुळवून ठेवली होती, आणि ती इतकी सोपी होती की मला माझंच कौतुक वाटत होतं. इलाला सांगायचं, घर जुनं आहे, त्या कोपऱ्याच्या खांबावर भार जास्त येईल, त्याला बाहेरून नव्या सळाखींचा वेढा घालून काँक्रीटचं जाड आवरण चढवून घे. खांब मजबूत होईल, मजला चढेल, पोरं सुखाने राहतील, आणि आत काय आहे ते आतच राहील. कोणाचं काय बिघडतं? शुक्रवारी सकाळी हातोडी घेऊन मी तिच्याकडे गेलो.

ओसरीवर ऊन होतं. इलाची मुलगी, आचल, त्याच खांबाला टेकून चित्र काढत बसली होती, पाय पसरून, तोंडात पेन्सिल. मी तिला म्हटलं, बाई, जरा बाजूला सर. तिने विचारलं, काऊन? मी म्हटलं, खांबाले तपासतो. "त्याले ताप आला का?" म्हणाली आणि सरकली. मी वरून हातोडी मारत खाली आलो. वर टणटण, भरीव. छातीच्या खाली आवाज उतरला. मांडीएवढ्या उंचीवर तो मडक्यासारखा झाला. मला सगळं माहीत होतं, तरी मी पुन्हा एकदा मारून ऐकलं. मग मी काय केलं कोण जाणे, खांबाला कान लावला. प्लास्टर थंड होतं, गालाला बारीक रेती लागत होती. आत गुणगुण होती. माझ्याच कानांतली असेल, इतकी वर्षं मोटरींजवळ काढलेली. पण मी डोळे मिटून ऐकत राहिलो आणि मला रूळ आठवला, खडी आठवली. त्या एका क्षणात मला इतकं शांत वाटलं की तिथेच उभ्याने झोपलो असतो. "काका?" इला म्हणाली. मी डोळे उघडले आणि ठरवलेलं बोललो, घर जुनं, भार जास्त, या खांबाला आवरण घाल. तिने सरळ विचारलं, "फक्त याच खांबाले काऊन? बाकीचे पण तितकेच जुने आहेत." बँकेतली पोरगी, तिला उत्तर हवं असतं. मी म्हटलं, कोपऱ्याचा आहे. ती म्हणाली, "कोपरे तं चार आहेत काका." तेवढ्यात आचल परत आली आणि पुन्हा त्याच जागी, त्या मडक्यासारख्या आवाजाच्या जागी, पाठ टेकवून बसली.

मी सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, साठची नीडल, मुहूर्त, सळाखी, आरी, सगळं. वाटलं होतं, सांगायला फार वेळ लागेल. कुठला लागतो, आचलचा एक मोर रंगवून व्हायच्या आत सगळं सांगून झालं. इलाने आधी मुलीला हाताला धरून अंगणात नेलं, मग परत आली. तिचा आवाज चढला होता. "माझी पोरगी इथी खेळते काका. आमी मजला चढवला असता तं?" मी हातोडी खाली ठेवली. "अन् तुमी दर दसऱ्याले याचे, आमच्या घरचं खायचे, अन् बाबाले चिकट म्हणाचे. सगळ्यायसमोर. मी लहान होती, मले बाबाचा राग याचा, का हा माणूस मले एक खोली बांधून देत नाई." मला वाटलं, तिने आणखी बोलावं, माझ्या तोंडावर दार लावावं. लाज काय असते ते मला त्या ओसरीवर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा कळलं. दारात सुमित्राबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पदर सावरला आणि त्या आत गेल्या. मी म्हटलं, "इला, मीच काढतो. तुमच्या इंजिनियरलेही बोलाव, त्याच्यासमोर काढतो." ती म्हणाली, "काढा."

खांब उघडायचा म्हणजे कोणती मशीन घ्यायची, हा विचार मी आयुष्यात इतका कधी केला नव्हता. मोठा ब्रेकर रस्ता फोडायला असतो. खांबाला लावला तर अख्खं घर हादरतं आणि उरलासुरला चांगला मालही सुटतो. मी सगळ्यात लहान घेतली, हातात मावणारी, टोकदार छिन्नी लावलेली, जी मी इतर वेळी फरशा काढणाऱ्यांना देतो. आधी दोन्ही बीमांखाली लोखंडी जॅक उभे केले, आवळले, इंजिनियरने स्वतः हलवून पाहिले. पोरगेलासा होता बिचारा, साठची म्हणणारा तोच. मान खाली घालून उभा होता, म्हणून मी त्याला काही बोललो नाही. मग मी खाली बसलो, प्लास्टर काढलं आणि बाजूने, थोडं थोडं, सळाखी वाचवत आत शिरलो. डॉक्टरचं आठवत होतं, पण हे काम दुसऱ्या कोणाच्या हातात देणं मला जमलं नसतं. बोटांना काही कळत नव्हतं, खटका दाबला की सुटला ते मी डोळ्यांनी पाहत होतो. धूळ उडत होती, उन्हात तरंगत होती, आणि त्या धुळीत सगळं दूर गेलं, इला, इंजिनियर, अंगणातली आचल. हाताला नाही, पण दातांना थरथर लागत होती. मी दात आवळले आणि हसू आलं, रडूही आलं. नरहर खरं बोलत होता की बाप्पा. मग छिन्नी एकदम सुळकन आत गेली. मूठ मावेल एवढी पोकळी, सळाखी गंजून लाल झालेल्या, रबराची नळी काळी, चिकट. आणि खाली ती. जशी घातली तशी, उभी, सळाखींच्या मध्ये. कुंकू अर्थातच नव्हतं, पण मी ते शोधलं. इलाने मागून येऊन मशीनचं बटण बंद केलं. "काका, पुरे. तुमची बोटं पाहा," म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला होता.

सुमित्राबाई चहा घेऊन आल्या. मी धुळीने माखलेला, त्या भोकासमोर मांडी घालून बसलेलो. त्यांनी आत वाकून पाहिलं, जसं पाळण्यात पाहतात, आणि खाली पायरीवर बसल्या. "हीच का ती," म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, मले माफ करा. त्याले सांगाचं राहून गेलं." त्या म्हणाल्या, "त्यायले माहीत होतं भाऊजी." मला ऐकू आलं, पण कळलं नाही. "त्या दिवशी हे येळेवरच आलते. फाटकापाशी नारळ घेऊन उभे होते. तुमाले साच्यात हात घालून नळी कापताना पाह्यलं यायनं. आत आले असते तं तुमची मान खाली गेली असती, म्हणून तसेच मांगं फिरले. नाक्यावर चहा भरून घेतला अन् तुमचं उरकेपर्यंत तिथीच बसून राह्यले. मी लय भांडली. म्हटलं, सांगा त्यायले, खांब फोडून नवा करा. तं म्हणे, माणिक सांगल नं. दोन दिवसांत सांगल. मंग म्हणे, दसऱ्याले येईल तवा सांगल." इला आईकडे पाहत राहिली. तिने विचारलं, "म्हणून मजला नाई चढवला बाबानं?" सुमित्राबाई म्हणाल्या, "कसा चढवतील? त्याच्यासाठी खांब फोडा लागला असता." मी कसंबसं विचारलं, "अन् ते फूल?" त्या म्हणाल्या, "आतमधी मशीन आहे म्हणत. बाकी सगळ्याले दसरा, तं तिले एक फूल नको का?"

एकवीस दसरे. मी ओसरीवर बसून पैसा मडक्यात पुरल्याची थट्टा करत होतो, सगळे हसत होते, आणि तो समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होता, रुळाला कान लावून पडायचा तसा, आता निघाली असेल, आता येईल. मी रडलो, लपवलं नाही. अंगणातून आचलने ओरडून विचारलं, खांबाचा ताप उतरला का? मग इलाने डोळे पुसले आणि म्हणाली, "सोमवारी नव्या सळाखी बांधू. पंचवीसची नीडल तुमी आणजा. धरेन मी, तुमी फक्त सांगजा कवा काढाची ते." मी मान हलवली. सुमित्राबाईंनी कप पुढे केला. "घ्या भाऊजी, थंडा होऊन राह्यला." मी कप दोन्ही हातांनी घेतला. पांढऱ्या बोटांना काही कळेना, आहे कसा तो. मी तो गालाला लावला. गरम होता.